राख कोण उचलतो? : तारापूरच्या अणुकचऱ्याचा इतिहास

अहमदनगरचा भुईकोट किल्ला आपल्या पाठ्यपुस्तकांत एकाच कारणासाठी येतो. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण किल्ल्याची ती ओळख बदललेली नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना येथे आणून ठेवले आणि जवाहरलाल नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात येथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात होमी भाभांनी टाटा विश्वस्त निधीला एक पत्र पाठवले होते. एक-दोन दशकांत अणूपासून वीज निघू लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला परदेशाकडे तोंड वेंगाडावे लागू नये, म्हणून आतापासून संस्था उभी करा, असा त्या पत्राचा आशय होता. पुढे हे दोघे एकत्र आले. १९४८ साली अणुऊर्जा कायदा झाला, आयोग नेमला गेला, भाभा त्याचे अध्यक्ष झाले. भारतीय अणुऊर्जेचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण येथूनच सुरुवात करतात.

या इतिहासात एक तिसरा माणूस आहे आणि तो नेहमी गाळला जातो. नेहरू किल्ल्यात होते त्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांना आपण कामगार कायद्यांसाठी आठवतो. वीज हा विषयही त्यांच्याच खात्यात होता, हे फारसे कोणी सांगत नाही. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांच्या धोरण समितीपुढे त्यांनी केलेले भाषण कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावे असे आहे. वीज सरकारच्या मालकीची असावी की खासगी, ती केंद्राच्या हाती असावी की प्रांतांच्या, हे प्रश्न तर त्यांनी मांडलेच. पण हा खटाटोप मुळात कशासाठी, हेही त्यांनी विचारले. त्यांच्या मते उद्योगीकरणाशिवाय हिंदुस्थानचे दारिद्र्य हटणार नव्हते आणि स्वस्त, मुबलक विजेशिवाय उद्योगीकरण होणार नव्हते. पुढे १९४५ साली गांधीवादावर टीका करतानाही त्यांनी यंत्राची बाजू घेतली. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या नुसते कष्टच आले त्यांना यंत्र नको म्हणण्याची चैन परवडणारी नाही.

ही भूमिका आपली मानली तर अणुविजेकडे केवळ भीतीने पाहता येत नाही. 'अणू म्हणजे पाप' हा सूर शहरी पर्यावरणवाद्यांच्या तोंडी शोभत असेल. ज्याच्या वस्तीत दिवा सर्वांत उशिरा आला त्याला तो पुरत नाही. मात्र बाबासाहेबांनी विजेची मालकी कोणाची हे जसे विचारले तसेच आज आपल्याला विजेची राख कोणाची, हे विचारावे लागते. कारण राखेच्या बाबतीत आपला अनुभव फार जुना आहे.

महारवतनाच्या जमिनीला आपल्याकडे हाडकी-हाडवळा म्हणत. नावातच सगळे आले. गावात बैल मेला की तो ओढून न्यायचा महाराने. कातडे ढोराकडे जाई, तो ते कमावी. चांभार त्याची मोट शिवी. ती मोट पाटलाच्या विहिरीवर चाले. मोटेच्या पाण्याला विटाळ नव्हता, मोटेवर पिकलेल्या धान्याला नव्हता. जनावर ओढणाऱ्याला मात्र होता. आज ज्याला पुनर्वापर म्हणून गौरवतात तो गावगाड्यात शेकडो वर्षे चालू होता. त्यात वाया काहीच जात नव्हते. वस्तू शुद्ध होऊन गावात परतत होती आणि तिला शुद्ध करणारा गावकुसाबाहेर राहत होता. याच मुलखातल्या, अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव उगाच दिले नाही.

वतनाच्या आर्थिक बाजूकडे बाबासाहेबांनी आणखी नेमकेपणाने पाहिले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यामागचा त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की वतनदार महाराच्या कामाला व्याख्या नाही, तासांची मर्यादा नाही आणि तो घरी नसेल तर घरातल्या कोणालाही राबवून घेता येते. कामाची मोजदादच नसेल तर मोबदला कशाचा ठरवायचा? कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. हा मोजदादीचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. तारापूरला तोच पुन्हा भेटतो.

आता अणूच्या राखेकडे वळू. कोळसा जळून गेला की राखेत जाळण्याजोगे फारसे उरत नाही. अणुइंधनाचे तसे नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांसारख्या भट्टीतून काढलेल्या शंभर किलो वापरलेल्या इंधनात सुमारे ९५ किलो युरेनियमच असते, सुमारे १ किलो नव्याने तयार झालेले प्लुटोनियम असते आणि उरलेले तीन-चार किलो म्हणजे अणू फुटून झालेले तुकडे. खरे जळते विष त्या तुकड्यांत असते. त्यांतले सीझियम आणि स्ट्राँशियम निम्मे व्हायला साधारण तीस वर्षे लागतात, म्हणजे ते जवळजवळ निष्प्रभ व्हायला तीनशे वर्षे. प्लुटोनियमचा हिशेब वेगळाच आहे. ते निम्मे व्हायला २४ हजार वर्षे लागतात.

म्हणून शास्त्रज्ञ म्हणतात, हा कचरा नव्हे, ही खाण आहे. इंधनाच्या कांड्या तोडायच्या, उकळत्या नायट्रिक आम्लात विरघळवायच्या, मग त्या द्रावणातून एका सेंद्रिय द्रावकाच्या साह्याने युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढायचे. हे सारे चार-पाच फूट जाडीच्या भिंतींआड, यांत्रिक हातांनी. मागे उरते ते तीव्र किरणोत्सारी आम्ल. ते पोलादी टाक्यांत साठवतात आणि पुढे सुमारे हजार अंश तापमानाला काचेत मुरवून पोलादी डब्यांत ओततात. काच पाण्यात सहजी विरघळत नाही, म्हणून काच. ते डबे हवेने थंड राहतील अशा कोठारात काही दशके ठेवायचे आणि शेवटी खोल खडकात पुरायचे. ही शेवटची पायरी भारतात अजून आलेली नाही.

विज्ञान म्हणून हे काम अव्वल आहे आणि त्यातला मोठा वाटा आपल्याच माणसांनी, बाहेरची दारे बंद असताना केला. भाभांनी १९५४ साली मांडलेल्या तीन टप्प्यांच्या योजनेचा तो कणा होता. पहिल्या टप्प्यात साध्या युरेनियमवर भट्ट्या चालवायच्या, त्यांच्या राखेतून प्लुटोनियम काढून दुसऱ्या टप्प्यातल्या शीघ्र प्रजनक भट्ट्या पेटवायच्या आणि त्यांतून तिसऱ्या टप्प्यात थोरियमकडे जायचे, कारण थोरियम आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत भरपूर आहे. १९६४ साली ट्रॉम्बेला पहिला पुनर्प्रक्रिया कारखाना सुरू झाला. तेथे काढलेले प्लुटोनियम आधी विजेसाठी वापरले गेले नाही. ते १८ मे १९७४ रोजी पोखरणच्या वाळूखाली फुटले. त्या स्फोटाला 'हसरा बुद्ध' हे नाव पडले, आणि १९९८ चे स्फोट बुद्धपौर्णिमेच्या दिवशी झाले. १९५६ साली लाखोंनी ज्या बुद्धाला शरण गेले त्याचे नाव बाँबला देताना कोणाला काही वाटले नाही, याची नोंद निदान आपण तरी करून ठेवावी.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन भट्ट्यांवर सुरू झाले. प्रत्येकीची क्षमता २१० मेगावॉट होती, ती पुढे १६० वर आणावी लागली. वीज महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात वाटली जाई. पोखरणनंतर अमेरिकेने इंधन देताना हात आखडता घेतला. १९८० च्या दशकात फ्रान्सने, पुढे चीनने आणि रशियाने ते पुरवले. दरम्यान याच आवारात वर्षाला शंभर टन इंधन हाताळू शकेल असा पुनर्प्रक्रिया कारखाना १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभा राहिला होता. येथे एक गंमत झाली. शेजारच्या भट्टीतले वापरलेले इंधन अमेरिकी संमतीच्या वादात अडकून पाण्याच्या टाक्यांत साचत राहिले आणि कारखान्याला काम मिळाले ते राजस्थानच्या भट्टीतल्या राखेचे. १९८० च्या दशकात काचीकरणाचा कारखाना आला. जानेवारी २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दुसऱ्या पुनर्प्रक्रिया कारखान्याचे उद्घाटन झाले. तारीख, क्षमता, टन, मेगावॉट यांची नोंद अशी व्यवस्थित आहे.

नोंद नाही ती माणसांची. यांत्रिक हात भिंतीआड चालतात हे खरे. पण नळ गळतो, झडप अडकते, पंप बदलावा लागतो, जमीन पुसावी लागते, दूषित कपडे धुवावे लागतात. तेथे यंत्र थांबते आणि माणूस आत जातो. किरणोत्साराच्या कामाचे गणित असे आहे की प्रत्येक कामगाराला वर्षाकाठी एका मर्यादेपर्यंतच मात्रा घेता येते. आपल्याकडे ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० आहे. समजा एखाद्या जागी तासाला ६० मिलिसीव्हर्ट किरणोत्सार आहे. तेथे एका माणसाची वर्षाची सरासरी शिधा वीस मिनिटांत संपते. तीन तासांचे काम असेल तर नऊ माणसे लागतात. प्रशिक्षित तंत्रज्ञाची मात्रा अशी एका फरशीवर खर्च करायला कोणते व्यवस्थापन तयार होईल? मग बाहेरची माणसे आणली जातात. काम अवघड नसते. आत जायचे, पाना फिरवायचा, बाहेर यायचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रफुल्ल बिडवाई यांच्यासारख्या पत्रकारांनी तारापूरमधल्या मात्रांविषयी आणि अशा हंगामी मजुरांविषयी लिहिले, तेव्हा खळबळ उडाली आणि थोड्याच दिवसांत ती विरली.

हे केवळ भारतातच घडले असे नाही. जपानमध्ये कुनिओ होरिए या लेखकाने स्वतः कंत्राटी मजूर म्हणून तीन अणुकेंद्रांत काम केले आणि १९७९ साली त्यावर पुस्तक लिहिले. एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात फिरणाऱ्या या मजुरांना त्याने अणुकेंद्रांचे भटके म्हटले. ठेकेदाराखाली ठेकेदार, त्याखाली आणखी ठेकेदार, आणि तळाशी रोजंदारीच्या अड्ड्यावरून उचललेला माणूस. २०११ साली फुकुशिमात स्फोट झाले, त्यानंतरच्या साफसफाईलाही हीच उतरंड राबली. जपानसारख्या यंत्रमानवांच्या देशाला घाण काढायला शेवटी माणूसच लागला.

कायम नोकरीतल्या कामगारांचीही स्थिती फार सुरक्षित होती असे नाही. २१ जानेवारी २००३ रोजी कल्पक्कमच्या पुनर्प्रक्रिया कारखान्यात कचऱ्याच्या टाकीतून नमुना घ्यायला गेलेल्या कर्मचाऱ्यांना समोर सौम्य द्रावण आहे असे वाटत होते. झडप निकामी होऊन तीव्र किरणोत्सारी द्रावण तेथे आले होते. सावध करणारे मापक त्या जागी नव्हते. सहा जणांना सुमारे २८० ते ४२० मिलिसीव्हर्ट मात्रा लागली. कामगार संघटनेने सुरक्षिततेच्या मागण्या पुढे केल्या, पण देशाला हे कळायला अर्धे वर्ष जावे लागले. त्यात आणखी एक गोष्ट. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले, पण २००० साली एका आदेशाने भाभा अणुसंशोधन केंद्राचे कारखाने त्याच्या देखरेखीतून काढून घेण्यात आले. पुनर्प्रक्रियेचे काम याच केंद्राकडे होते. म्हणजे सर्वांत घाणेरडे काम जेथे, तेथे बाहेरचा तपासनीस नाही. मापक नसलेली टाकी आणि तास नसलेले वतन यांत मला फारसा फरक दिसत नाही.

कारखान्याच्या भिंतीबाहेरही अणूचा पुनर्वापर होतो. त्याला भंगार म्हणतात. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातले किरणोपचाराचे यंत्र भंगार वेचणाऱ्यांनी उचलले. आतली चमकणारी निळी पूड सीझियमची होती. घरोघर ती कौतुकाने वाटली गेली. चौघे मेले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती, आणि तिला पुरताना दफनभूमीवर लोकांनी दंगा केला. मसणवट्यावरून झालेली भांडणे ज्याने आपल्या गावात पाहिली आहेत त्याला हे दृश्य परके वाटणार नाही. २०१० साली हे आपल्याकडेही घडले. दिल्ली विद्यापीठाने कित्येक वर्षे वापरात नसलेले कोबाल्टचे यंत्र लिलावात फुंकून टाकले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते कापले गेले. सात-आठ जण भाजले गेले आणि त्यांतला एक मजूर दगावला. विद्यापीठात यंत्र काय आहे हे वाचणारे शेकड्यांनी होते. ज्याने ते कापले त्याला कोणी सांगितले नव्हते.

जमिनीचा प्रश्न येथे थोडक्यातच घेतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. कोळी आणि शेतकरी समुद्रापासून तुटले. झारखंडात जादूगोडा येथे १९६७ पासून युरेनियमची खाण आहे. तेथल्या संथाळ, हो आदिवासींच्या गावांना लागून खाणीच्या गाळाची तळी आहेत. अणुशृंखलेचे पहिले टोक आदिवासीच्या दारात आणि शेवटचे कंत्राटी मजुराच्या हातात, असा हा नकाशा आहे.

मग पुढचे काय? नव्या भट्ट्या अधिक सुरक्षित आहेत, हे मी नाकारीत नाही. वीज गेली, चालक पळाले तरी गुरुत्वाकर्षणाने पाणी येऊन गाभा थंड राहील अशी रचना आता करता येते. राखेतून काही चांगलेही निघते. भाभा केंद्राने कचऱ्यातले सीझियम वेगळे करून काचेच्या कांड्या बनवल्या आणि त्या रुग्णाला द्यायच्या रक्तावर किरणांचा संस्कार करण्यासाठी वापरल्या जातात. ही खरी कर्तबगारी आहे. पण दुसऱ्या टप्प्याची गाडी किती रखडली तेही पाहावे. कल्पक्कमच्या ५०० मेगावॉटच्या प्रजनक भट्टीचे बांधकाम २००४ साली सुरू झाले आणि गाभा भरायला सुरुवात झाली ती मार्च २०२४ मध्ये. जपानने रोक्काशोचा पुनर्प्रक्रिया कारखाना १९९३ साली बांधायला घेतला आणि पूर्णत्वाची तारीख पंचवीसहून अधिक वेळा पुढे ढकलली. ब्रिटनने आपला मोठा कारखाना २०१८ साली बंद केला. अमेरिकेने १९७७ सालीच या कामातून अंग काढून घेतले होते. फ्रान्स टिकून आहे. देशाच्या एकूण विजेत अणूचा वाटा अजून तीन टक्क्यांच्या आसपास असताना २०४७ पर्यंत एक लाख मेगावॉटचे उद्दिष्ट सांगितले जाते. राखही त्या प्रमाणात वाढणार.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' नावाचा कायदा संमत केला. त्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा बाजूला सारून वीजनिर्मितीचे दार खासगी कंपन्यांना उघडले. वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया मात्र सरकारकडेच ठेवली. प्लुटोनियम खासगी हाती जाऊ नये हे बरोबरच आहे. तरी बाबासाहेबांचा १९४३ चा प्रश्न या वाटणीला लावून पाहिला की ती वतनासारखीच दिसू लागते. मोट एकाची आणि मेलेले जनावर दुसऱ्याचे. जो वीज विकेल त्याच्या दराच्या हिशेबात राखेच्या तीनशे वर्षांचा खर्च किती धरला आहे, हे वीज आयोगापुढे कोणीतरी विचारले पाहिजे.

या विषयावर आपल्या चळवळीत चर्चा जवळजवळ नाही. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तरी गटारात माणसे मरताहेत. तेथे निदान मेलेला माणूस दिसतो, त्याचे नाव वर्तमानपत्रात येते. किरणोत्साराने होणारा कर्करोग वीस वर्षांनी येतो. तोपर्यंत ठेकेदार बदललेला असतो, मजूर गावी परतलेला असतो आणि छातीवर लावलेल्या बिल्ल्याची नोंद कोणत्या कपाटात आहे हे त्याला ठाऊक नसते. दुष्काळी तालुक्यांतून दरवर्षी उसाच्या फडावर, वीटभट्टीवर, बांधकामावर माणसे जातात ती मुकादमाच्या उचलीवर. नगर, बीडच्या वाचकांना ही पद्धत सांगायला नको. अणुकेंद्राचे फाटक या मुकादमाला आपोआप बंद होते असे समजायला काही आधार नाही. कंत्राटी मजुराची आयुष्यभराची मात्रा त्याच्या नावावर, त्याच्या भाषेत, त्याच्या हाती दिली गेली पाहिजे आणि काम सुटल्यानंतरही त्याची वैद्यकीय तपासणी चालू राहिली पाहिजे. कामगार संघटनांनी या मागण्या करण्यात विज्ञानविरोध कुठेच नाही. १९२८ च्या विधेयकातली मोजदादीची मागणी तीच होती.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. त्या केव्हातरी कायमच्या बंद कराव्या लागतील आणि मग मोडाव्या लागतील. भारताने एवढी मोठी वीजभट्टी आजवर मोडलेली नाही. काँक्रीट फोडणे, नळ कापणे, गाळ उपसणे, जमीन खरवडणे हे काम वर्षानुवर्षे चालेल. त्यातला फार थोडा भाग यांत्रिक हातांना जमेल. त्या कामाच्या निविदा निघतील तेव्हा मजुरांच्या मात्रेचे कलम कितव्या पानावर आहे आणि ठेकेदाराखालच्या ठेकेदाराला ते लागू आहे की नाही, हे वाचायला पालघरच्या संघटनांबरोबर आपल्यातलेही चार शिकलेले तरुण बसलेले असावेत.